बागेतली उघडी माती झाकायला काय घ्यावं: खडी, मार्बल, साल आणि बाकीचं, तीन वर्षं वापरून

गेल्या तीन वर्षांत बागेतली उघडी माती झाकायला मी सात-आठ प्रकारचं मटेरियल आणून टाकलं. त्यातलं काही अजून जागेवर आहे, काही उचलून दुसरीकडे नेलं, एक तर पूर्ण काढूनच टाकलं. घेताना नमुना बघून मन भुलतं आणि अडचणी सहा महिन्यांनी कळतात, म्हणून सहा महिन्यांनंतर कशाचं काय होतं ते लिहितेय. जरा लांबलंय, पण घ्यायच्या विचारात असाल तर वाचा.

आधी जागा सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. एक भिंतीलगतचा अरुंद पट्टा, चार मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद, तिथे सकाळी तासभर ऊन येतं आणि मग दिवसभर सावली. दुसरी दारापासून मागच्या नळापर्यंतची पायवाट, सहा मीटर बाय नव्वद सेंटीमीटर, तिच्यावर दिवसातून दहादा तरी ये-जा. आणि तिसरा झुडपांचा वाफा, तीन बाय दीड मीटरचा, त्यात अनंत, हायड्रेंजिया आणि दोन-तीन कायम हिरवी राहणारी झुडपं. झाडं छान होती, पण बाग मळकट दिसायची. पाऊस पडला की चिखल उडून खालची पानं आणि भिंत दोन्ही रंगायची, ऊन पडलं की माती फिकी पडून भेगाळायची, आणि त्या फिक्या मातीवर हिरवा रंगसुद्धा मरगळलेला वाटायचा.

सुरुवात केली ती पांढऱ्या मार्बल चिप्सने. सावलीच्या कोपऱ्यात उजेड हवा तर पांढरं टाका, हे सगळेच सांगतात आणि पहिले दोन महिने ते शंभर टक्के खरं वाटतं. संध्याकाळी उजेड कमी झाला की बाकीची बाग विरघळायची आणि तो पट्टा तेवढा उठून दिसायचा, फर्नची पानं त्याच्यावर इतकी सुंदर दिसायची की मी मुद्दाम खुर्ची तिकडे तोंड करून ठेवली होती. मग ओले दिवस सुरू झाले. भिंतीकडची बाजू आधी हिरवट झाली, शेवाळ धरलं. पाठोपाठ वरच्या झाडाची पानं पडून त्यावर कुजायला लागली. एक ओलं पान उचललं तर खाली दगडावर अगदी पानाच्याच आकाराचा तपकिरी डाग, शिरांसकट, जसा काही शिक्काच मारलाय. पानांतला टॅनिन असा उतरतो आणि पांढऱ्यावर तो लपत नाही.

साफ करायचं तर दगड घमेल्यात घेऊन ब्रशने घासायचे, पाणी बदलत राहायचं. मी दोन मीटरचा पट्टा असा घासला, पूर्ण रविवार गेला. आम्ल वापरून साफ करायच्या फंदात मात्र पडू नका. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात ते विरघळतं, वरचा गुळगुळीत थर जाऊन दगड खरखरीत होतो आणि मग शेवाळ धरायला आणखी जागा मिळते.

हाच मार्बल थोडा उरला होता तो मी वाफ्यात अनंताच्या बुंध्याशी टाकला आणि ते चुकलं. काही महिन्यांनी नवीन पानं पिवळी यायला लागली, पण शिरा हिरव्याच, पान उन्हात धरलं की हिरवी जाळी पिवळ्यावर काढल्यासारखी दिसायची. ही लोहाच्या कमतरतेची खूण. मातीत लोह असतं, पण माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते घेता येत नाही, आणि अनंत, कॅमेलिया, अझेलिया यांना तर आम्लधर्मीच माती लागते. आमचं नळाचं पाणी आधीच जड, त्यात वरून हा चुन्याचा दगड, दोन्हींचा भार त्या झाडावर पडला. मी ते दगड एक एक वेचून काढले. आता कुठलाही अनोळखी दगड झाडाजवळ टाकायच्या आधी एक खडा बशीत ठेवून त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकते आणि कान जवळ नेऊन ऐकते. बुडबुडे आले, बारीकशी चरचर ऐकू आली की तो चुन्याचा, तो अनंताजवळ नाही. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, बेसॉल्ट गप्प राहतात. एका मिनिटाचं काम आहे आणि विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा भरवशाचं आहे. (हायड्रेंजियाला हे फारसं त्रासाचं नसतं, पण फुलांचा रंग बदलू शकतो, बऱ्याच जाती आम्लधर्मी मातीत निळ्या आणि अल्कधर्मी मातीत गुलाबी फुलतात. निळी हवी असतील तर मार्बल लांब ठेवा.)

पण मार्बल वाईट म्हणून मी सांगत नाहीये. जिथे वर झाड नाही, पानं पडत नाहीत आणि पाणी झटकन निघून जातं, अशा छोट्या जागी ते फार सुंदर दिसतं. आता माझ्याकडे ते फक्त पट्ट्याच्या उघड्या टोकाला आहे, मीटरभर, आणि तिथे वर्षातून दोनदा धुवून भागतं. भर उन्हात मोठ्या जागेवर मात्र टाकू नका, दुपारी डोळे दिपतात आणि खालून परतलेल्या उन्हाने नाजूक झाडांची पानं करपतात.

रंगाचं एक सांगायचं आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. दगड नेहमी ओला आणि कोरडा दोन्ही बघा. मी चकचकीत काळे गोटे फोटो बघून मागवले, फोटोत ते शाईसारखे काळे होते, घरी आले आणि ऊन लागलं तर राखाडी. बादलीत टाकले की परत काळे. दगडाच्या खरखरीत पृष्ठभागावर उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून तो फिका दिसतो, वर पाण्याचा पातळ थर बसला की विखुरणं कमी होतं आणि आतला खरा रंग दिसतो, एवढंच आहे ते. काही गोट्यांना मेणासारखं पॉलिश दिलेलं असतं, ते उन्हापावसात काही महिन्यांत उतरतं. म्हणजे जमिनीवर वर्षातले बहुतेक दिवस जो रंग दिसणार तो कोरडा रंग, आणि विकायला मांडलेला असतो तो बहुतेक वेळा ओला. आता मी नमुना मागवला की अर्धा ओला करते, अर्धा कोरडा ठेवते, आणि ज्या जागी टाकायचाय तिथेच जमिनीवर पसरून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जाऊन बघते. हातात धरून बघण्यात अर्थ नाही, उभ्याने पाच फुटांवरून दगड वेगळाच दिसतो.

रंगीत दगडांबद्दल लवकर सांगून मोकळी होते. एका विक्रेत्याकडून निळे आणि लाल गोटे मागवले होते, नैसर्गिक म्हणून सांगितले होते. धुवायला घेतले तर बोटं निळी, घमेल्यातलं पाणी निळं, आणि चाळणीत उरले ते डागडागांचे पांढरे दगड. फोन केला तर म्हणाले थोडा रंग जातोच. ते मी काढून टाकले, परत कधी घेणार नाही. घ्यायचेच असतील तर आधी दोन खडे कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पांढऱ्या कपड्यावर घासून बघा.

आता पायवाट. इथे मी आधी मटारच्या दाण्याएवढे गोल खडे टाकले, दिसायला फार गोड. पण गोल खडा गोल खड्यावर टिकत नाही, पाय ठेवला की सरकतो, वाळूत चालल्यासारखं होतं, बाबांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांना तर चालवेनाच. शिवाय ते खडे बुटांच्या खाचांत अडकून घरात यायचे आणि फरशीवर खरखर. मग बदलून कोनेदार खडी आणली, चौदा ते वीस मिलिमीटरची, रंग बदामीकडे झुकणारा, मध्येमध्ये एखादा गंजासारखा लालसर तुकडा. फोडलेल्या दगडाचे कोन एकमेकांत अडकतात, थोडं चालून चालून ती बसते आणि मग पाऊल घट्ट पडतं. वीस मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, पायाखाली टोचते. आणि फार बारीक, पाच-सहा मिलिमीटरची घेतलीत तर शेजारपाजारच्या मांजरी तिला आपलीच जागा समजतात.

किती लागेल हा हिशोब मी अंदाजाने केला आणि फसले. वीस किलोच्या आठ गोण्या आणल्या, पसरल्या, तर थर झाला जेमतेम दोन सेंटीमीटर आणि खालची माती दिसतच होती. नीट हिशोब असा: लांबी गुणिले रुंदी गुणिले थराची जाडी, सगळं मीटरमध्ये. सहा गुणिले ०.९ गुणिले ०.०५ म्हणजे ०.२७ घनमीटर. सुट्या खडीचा एक घनमीटर साधारण दीड टन भरतो, म्हणजे चारशे किलो, वीस गोण्या. पायवाटेला पाच सेंटीमीटरपेक्षा कमी थर देऊ नका, पण खूप जास्तही नको, दहा सेंटीमीटर सुटी खडी झाली की पाय परत रुतायला लागतो. गोणीच्या तळाशी भरपूर भुकटी असते, ती तशीच ओतलीत तर पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि सगळा दगड एकाच मळक्या रंगाचा दिसतो. मी प्रत्येक गोणी चाळणीवर ओतून पाइपने धुतली, तिसऱ्या पाण्याला कुठे नितळ पाणी आलं. त्या दिवशी ओल्या खडीत तो लालसर रंग जो उठला ना, वाटलं एवढ्यासाठी धुणं सार्थकी लागलं.

पसरायला मी फावडं घेतलं तेवढ्यात बाबांनी थांबवलं. "अगं, आधी कडा बांध, मग खडी टाक. नाहीतर दोन महिन्यांनी अर्धी खडी वाफ्यात शोधत बसशील." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणताय ते खरं, पण आज उरकायचं होतं." तर स्वतःच विटा घेऊन बसले. दहा सेंटीमीटर माती काढली, धुम्मसाने तळ ठोकून घेतला, दोन्ही बाजूंना उभ्या विटा खडीच्या दोन बोटं वर राहतील अशा गाडल्या. कुठल्याही मटेरियलचं टिकणं या कडेवर आहे. आमची खडी तिसऱ्या वर्षीही विटांच्या आत आहे, आणि कडेची सरळ रेघ दिसते म्हणूनच ती जागा नीटनेटकी वाटते.

खाली वीड मॅट, म्हणजे तण रोखायला अंथरतात ते कापड, टाकावी का हे मला खूप जणांनी विचारलं. पायवाटेखाली हो. तीसुद्धा विणलेली किंवा नमद्यासारखी, पाणी झिरपणारी. साधा प्लॅस्टिकचा कागद अजिबात नाही, पाणी तुंबतं, खालची माती गुदमरते. मॅटचा खरा फायदा खडी मातीत रुतत नाही हा आहे. तण कायमचं जातं हे खरं नाही. वर्ष-दोन वर्षांत खडीच्या सांध्यांत धूळ आणि पाल्याचा चुरा साठतो आणि वाऱ्याने आलेलं बी तिथे वरच उगवतं, ते कोवळं असताना बोटांनी उपटायचं. आणि लव्हाळा असेल तर मॅटच्या भरवशावर राहूच नका, त्याचे कोंब सुईसारखे टोकदार असतात, मॅट भोकसून वर येतात. आधी खुरप्याने गाठींसकट खणून काढा, दोन-तीन आठवडे थांबा, परत आलेले परत काढा, मग अंथरा. झुडपांच्या वाफ्यात मात्र मी मॅट टाकली नाही आणि टाकणारही नाही, तिथली माती जिवंत राहायला वरून काहीतरी कुजून आत जायला हवं.

त्या वाफ्यात मी झाडाची साल टाकली, बार्क चिप्स म्हणून मिळते ती, दोन-चार सेंटीमीटरचे तुकडे. मला विचाराल तर झाडं असलेल्या जागेला यापेक्षा चांगलं काही नाही. गडद तपकिरी रंगावर हिरवं पान जसं खुलतं तसं पांढऱ्यावरही खुलत नाही. बाग उजळ करायची म्हणजे जमीन उजळ करायची असं मी धरून चालले होते, पण या वाफ्यात जमीन गडद झाली आणि पानं उजळली. चिखल उडणं थांबलं, माती ओली राहते म्हणून पाणी एक दिवसाआड केलं, आणि उजेड न मिळाल्यामुळे तणाचं बी फारसं रुजलंच नाही. वर्षभराने एके ठिकाणी हाताने थर बाजूला केला तर खालचे तुकडे मऊ काळे झालेले, त्यांना पांढऱ्या बुरशीचे धागे लागलेले, आणि एक गांडूळ गडबडीने आत गेलं. आधी तिथे खुरपं आपटलं तर टणटण वाजायचं.

साल टाकल्याने मातीतला नत्र कमी होतो असं ऐकून मी आधी घाबरले होते. ताजी साल मातीत मिसळली तर होतं तसं, कारण कुजवणारे जीवाणू आणि बुरशी नत्र ओढून घेतात. नुसती वर अंथरली तर परिणाम वरच्या पातळ थरापुरता राहतो, मोठ्या झुडपांना काही होत नाही. काळजी घ्यायची ती बुंध्याची. साल बुंध्याला टेकवू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा सतत ओला राहून कुजतो. झाडाभोवती ढीग रचलेला दिसतो बऱ्याच बागांमध्ये, तो दिसतो छान पण झाडाला मारक आहे. घराच्या लाकडी भागाला लागूनही टाकू नका, वाळवीला आडोसा मिळतो. आणि उतारावर किंवा पाणी वाहणाऱ्या जागी साल तरंगून वाहून जाते, तिथे दगडच बरा. लाल-काळी रंगवलेली साल मिळते, तिचा रंग उन्हात फिका पडतो, मी साधीच घेते.

नारळाच्या सोडणाचे तुकडे, म्हणजे कोको हस्क चिप्स, हे कुंड्यांत आणि पट्ट्यातल्या फर्नखाली वापरले. हलके, पाणी धरून ठेवणारे, रंग उबदार. फक्त काही मालात मीठ जास्त असतं, म्हणून रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, असं दोनदा. सावलीत उत्तम. उघड्यावर वाऱ्याने उडतात.

लाव्हा रॉक निवडुंग आणि सक्युलंटच्या ताटात टाकला. ज्वालामुखीतून बाहेर पडताना वायूचे बुडबुडे अडकून राहिलेला दगड, त्यामुळे छिद्रं भरपूर आणि वजन कमी, हातात घेतलं की अपेक्षेपेक्षा हलका लागतो. लालसर रंगावर राखाडी-हिरवे सक्युलंट अप्रतिम दिसतात. पण कडा धारदार आहेत, अनवाणी चालायच्या जागी किंवा मुलं खेळतात तिथे नको, आणि छिद्रांत पानांचा चुरा बसला की निघत नाही.

काचेच्या चिप्स मी एका उथळ ताटापुरत्या घेतल्या, कडा घासून गोल केलेल्या, उन्हात फार देखण्या चमकतात. धुळीने आठवड्यात मंद होतात, मोठ्या जागेवर त्यांच्यामागे धावणं मला जमलं नसतं. रबराचे तुकडे घेतले नाहीत आणि कुणाला सुचवणारही नाही. ते जुन्या टायरचे असतात, उन्हात तापून वास येतो, त्यातलं जस्त मातीत उतरतं आणि पेटले तर विझवणं अवघड. कृत्रिम गवतही भर उन्हात पाय ठेववत नाही इतकं तापतं. घरात कुत्रा असेल तर कोकोच्या, म्हणजे चॉकलेट ज्यांचं करतात त्या बियांच्या, टरफलांचं आच्छादन आणू नका, वासाने कुत्री ते खातात आणि त्यातलं थिओब्रोमिन त्यांना विषारी आहे. नावात साम्य असलं तरी वरचे नारळाचे कोको चिप्स वेगळे, त्यात हे नसतं, गोणीवर नीट वाचून घ्या.

खडी म्हणजे नुसती पायवाटेची, झाडांची नाही, असं वाटत असेल तर इंग्लंडमध्ये एसेक्सला बेथ चॅटो यांनी केलेली ग्रॅव्हल गार्डन जरूर बघा, फोटोत तरी. जुन्या कार पार्कच्या जागेवर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती लावली, पाऊस कमी असलेला भाग, आणि कोरड्यात तगणारी झाडं निवडून वरून पाणी न घालता ती वाढवली. ते बघून मी पायवाटेच्या कडेला खडीतच थाइम आणि सेडम लावले. खडीत रुजलेली झाडं कडेची कठोर रेघ मऊ करतात, आणि खडीमुळे त्यांच्या माना, म्हणजे खोड मातीला भेटतं तो भाग, कोरड्या राहतात म्हणून कुजत नाहीत.

एका लहान बागेत दोनपेक्षा जास्त प्रकार नजरेच्या एका टप्प्यात येऊ देऊ नका असं मी आता म्हणेन. मधल्या वर्षी माझ्याकडे पांढरं, काळं, बदामी, तपकिरी आणि लाल सगळं एकदम होतं आणि दुकानात नमुने मांडलेत असं वाटायचं, झाडांकडे लक्षच जायचं नाही. आता दारातून बघितलं तर बदामी खडी आणि तपकिरी साल एवढंच दिसतं. गुण द्यायचे तर बदामी कोनेदार खडीला पाचपैकी पाच, सालीला साडेचार, कारण दर वर्षी भर घालावी लागते, सोडणाला आणि लाव्हाला चार, मार्बलला जागा बरोबर असेल तर चार आणि चुकीची असेल तर दोन.

परवा वाफ्यात पट्टी खोचून बघितली. साडेसात सेंटीमीटर अंथरलेली साल पाचवर आली आहे, म्हणजे अडीच सेंटीमीटरची भर हवी. साडेचार चौरस मीटरला ते ११२ लिटर होतात, पन्नास लिटरच्या तीन गोण्या आणल्या की पुरून थोडी उरेल. खडीच्या बाबतीत मात्र एक गोणी सुरुवातीलाच जास्तीची घेऊन ठेवली होती ते बरं झालं. खाणीतला रंग दर खेपेला थोडा बदलतो, नंतर आणलेली खडी जुन्यात ठिगळासारखी दिसते, आणि नळापाशी जिथे थर पातळ झाला होता तिथे तीच जुनी गोणी कामाला आली.